गाठिया, चिखल आणि बैलघोडा

मुंबईला हिवाळा नाही, असं मुंबईकर स्वतःच सांगतो आणि डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी पंखा एकवर आणून कपाटात स्वेटर शोधायला लागतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता. तो आजवरचा नीचांक. त्या दिवशी गिरगावच्या चाळींमधून गोधड्या किती निघाल्या असतील ते असो; पण खिडकीच्या गजावर बसलेल्या चिमणीचं त्या थंडीत फारसं काही बिघडलं नसणार. पक्ष्याच्या शरीराचं तापमान 40 ते 42 अंश असतं, म्हणजे आपल्याला जो ताप चढला की डॉक्टरकडे धाव घ्यावी लागते, तो त्याचा रोजचा. ते टिकवण्यासाठी तो पिसं फुलवून अंगाभोवती हवेचा थर कोंडून घेतो, चोच पाठीच्या पिसांत खुपसतो, एक पाय पोटाशी ओढून घेतो. पोटात दाणा असेल तर सात-आठ अंशांची एक रात्र तो सहज काढतो.

खरा प्रश्न त्या पोटातल्या दाण्याचाच. थंड मुलखात पक्षी मरतात ते थंडीपेक्षा उपासमारीने. त्याच 1962 सालच्या डिसेंबरअखेर ब्रिटनमध्ये बर्फ पडायला लागला आणि मार्चपर्यंत हटला नाही. नद्या गोठल्या, त्यामुळे खंड्यांना मासे मिळेनात. रेन नावाचा तिथला पक्षी आपल्या शिंजिराएवढा, जेमतेम दहा ग्रॅमचा. तो पालापाचोळ्यातल्या किड्यांवर जगतो आणि पालापाचोळा तर बर्फाखाली. त्या हिवाळ्यात रेन इतके मेले की त्यांची संख्या पूर्ववत व्हायला पुढची काही वर्षं गेली. गणित साधं आहे आणि निर्दयही. उत्तरेकडे डिसेंबरात दिवस आठ तासांचा, रात्र सोळा तासांची. एवढासा पक्षी आठ तासांत जी चरबी साठवतो, तीच जाळून त्याला सोळा तास ऊब धरायची असते. एका रात्रीत त्याचं वजन दहा टक्क्यांनी उतरतं. दुसऱ्या दिवशी तेवढं खायला मिळालं नाही, तर तिसरी सकाळ उजाडत नाही. म्हणून तिकडे लोक अंगणात चरबीचे गोळे टांगतात, सूर्यफुलाच्या बिया ठेवतात, भांड्यातल्या पाण्यावरचा बर्फ फोडून देतात. तिथे ही भूतदया नेमकी जागेवर लागते.

आपल्याकडे तीच भूतदया जशीच्या तशी उचलली, की गिरगाव चौपाटीवर जे चालतं ते चालतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चौपाटीवर, मरीन ड्राइव्हला, गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमागे पांढरे पक्षी घिरट्या घालायला लागतात. हे कुरव. लोक पिशवीतून गाठिया, शेव, फरसाण काढून हवेत उडवतात, कुरव ते वरच्या वर झेलतात, मोबाइलवर व्हिडिओ होतो. उडवणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी असतात: पुण्य आणि ‘बिचारे थंडीतून आलेत’. यातली दुसरी अर्धी खरी आहे. ते थंडीतूनच आलेत. फक्त बिचारे नाहीत. जो हिवाळा त्यांना मारू शकला असता, तो चुकवूनच ते इथे पोचलेत.

कुरव जवळून पाहायला चौपाटीसारखी जागा नाही, तेव्हा गाठिया खिशातच ठेवून जरा निरखून बघा. दोन जाती एकमेकांत मिसळलेल्या असतात. एकाचा डोळा फिकट, पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात पांढरा ठिपका: हा तपकिरी डोक्याचा कुरव. दुसऱ्याचा डोळा गडद आणि उडताना पंखाची पुढची कड पांढरी पट्टी ओढल्यासारखी: हा काळ्या डोक्याचा. नावात डोकं असलं तरी हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं, कानाजवळ शाईचं बोट लागल्यासारखा एक डाग तेवढा उरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो डाग पसरायला लागतो आणि निघायच्या सुमारास काहींचं पूर्ण डोकं रंगलेलं दिसतं. ती विणीची तयारी. तपकिरी डोक्याचा कुरव घरटं करतो लडाख, तिबेट, मध्य आशियाच्या पठारांवरच्या तळ्यांकाठी. थंडीत ती तळी गोठतात, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्याला गोठलेल्या तळ्याचा उपयोग काय? तो उठून समुद्रावर येतो. इथे त्याच्यासाठी मासे, खेकड्यांची पिल्लं, किडे, भरतीने आणून टाकलेलं काहीबाही, सगळं हजर असतं.

हे पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात, हे आपल्याला कळलं त्यात गिरगावचाही वाटा आहे. सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा. आईवडील लवकर गेल्यावर ते मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतल्या घरी वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याशी पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं आणि तिथले सचिव मिलार्ड यांनी या मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंच्या कपाटं उघडून दाखवली. हे 1908 साल. पुढे 1959 मध्ये याच सोसायटीने सालिम अलींच्या देखरेखीखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. कडीवर एक क्रमांक आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा’ एवढाच मजकूर. असा कडीवाला पक्षी मेलेला किंवा जखमी सापडला, तर क्रमांक, जागा आणि तारीख लिहून सोसायटीला कळवावं. त्या पक्ष्यासाठी काही करता आलं नाही, तरी त्याच्या जातभाईंचा रस्ता तरी कळतो.

आता गाठियाकडे. त्याविरुद्ध पहिला मुद्दा सहसा मिठाचा काढतात आणि तो तितकासा पक्का नाही. कुरव समुद्राचं पाणी पिऊ शकतो. त्याच्या डोळ्यांवरच्या ग्रंथी जादा मीठ गाळतात आणि ते चोचीवरून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. गाठियातलं मीठ तो बाहेर टाकील. पण बेसन, सोडा आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल यांत मासा कुठून येणार? मार्च-एप्रिलमध्ये त्याला हजारो किलोमीटर उडायचं असतं, उडण्याआधी नवी पिसं आणि स्नायू भरायचे असतात, आणि ते होतं प्रथिनांवर. पोट भरतं, पण ज्यासाठी खायचं ते अंगी लागत नाही. शिवाय एका जागी शेकडो पक्षी माणसाच्या हाताला चटावले की रोगाला आयतं रान मिळतं, आणि उरलंसुरलं फरसाण वाळूत पडलं की त्यावर उंदीर, कावळे आणि भटकी कुत्री पोसली जातात.

गंमत म्हणजे याच काळ्या डोक्याच्या कुरवाला खाऊ घालण्याची सवय लंडनकरांनाही लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, कडाक्याच्या हिवाळ्यांत कुरव थेम्स नदीवर शहराच्या मध्यापर्यंत यायला लागले, आणि जेवणाच्या सुट्टीत कारकून मंडळी पुलांवर उभी राहून पेनीभर किमतीचे छोटे मासे विकत घेऊन त्यांना टाकू लागली. पक्षी तोच, मोसम तोच, माणसाची हौसही तीच. फरक एवढाच की तिथे बाहेर खरोखर बर्फ होता आणि हातात मासा होता.

दादरच्या कबुतरखान्यावर इथे फार लिहीत नाही. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर पुरेसं बोलून झालं आहे. 1933 सालच्या त्या जागेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, महापालिकेने तिच्यावर ताडपत्री टाकली, लोकांनी ती फाडली. श्रद्धेचा प्रश्न श्रद्धेच्या जागी. कबुतराच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने काहींच्या फुप्फुसांना जी सूज येते तो प्रश्न केईएमच्या ओपीडीत. पक्ष्यांच्या बाजूने एवढंच म्हणायचं की कबुतर हा मूळचा कड्याकपारीतला पक्षी, आपल्या इमारती त्याला कडेच वाटतात, आणि बारमाही दाणा मिळाला की तो बारमाही अंडी घालतो. त्याला जगायला आपली मदत लागत नाही. ज्यांना लागते ते त्या दाण्याजवळ येतही नाहीत.

मग लागते कुणाला? एक उत्तर शिवडीला, ओहोटीच्या वेळी मिळतं.

शिवडीच्या जेटीवर जायचं ते भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून. पाणी मागे सरलं की करडा, चकचकीत, वास मारणारा चिखल उघडा पडतो आणि त्यावर गुलाबी रेघ दिसते. ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. 1990 च्या दशकापासून त्यांनी ही जागा धरली आहे. वाकडी चोच उलटी करून ते चिखलमिश्रित पाणी आत घेतात आणि त्यातलं शेवाळ गाळून खातात. पण रोहितांवरून नजर जरा खाली आणा. त्यांच्या पायांच्या आजूबाजूला मातकट ठिपके पळताना दिसतील. तो छोटा टिलवा, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या चिमणीएवढाच. जून-जुलैमध्ये तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात अंडी उबवत होता. त्याच्या शेजारी किंचित बाकदार चोचीची तुतारी, ती सैबेरियातून आलेली. हिवाळ्यात त्या भागात जमीन दगडासारखी गोठते, चोच आत जातच नाही. शिवडीचा चिखल मऊ असतो आणि त्यात गांडुळासारखे किडे, बारीक शिंपल्या, चिंबोऱ्यांची अगदी लहान पिल्लं ठासून भरलेली असतात. परत निघण्याआधी असे पाणपक्षी अंगावर चरबी चढवून आपलं वजन पार दीडपटीपर्यंत नेतात. ती चरबी म्हणजे त्यांचं पुढच्या मुक्कामापर्यंतचं इंधन, आणि ती भरली जाते या चिखलात.

कडाक्याच्या थंडीतून पक्ष्यांना वाचवायचं म्हणजे मुंबईपुरतं तरी हा चिखल वाचवायचा. तो दिसायला घाण, त्यामुळे त्याची बाजू घेणं कठीण. गोंडस पिल्लाचा फोटो टाकला की हजार लाइक येतात, चिखलाच्या फोटोला कोण विचारतो. ठाणे खाडीचा ऐरोली ते वाशी पुलांमधला भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला. शिवडी त्या हद्दीत नाही. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू सुरू होतो तो शिवडीतूनच. त्यावर आवाज अडवणारे पडदे बसवले आहेत. पूल झाला तो झाला. पण भराव, कचरा, तेलाचा तवंग, सांडपाणी यांतलं काय त्या चिखलात जातं, ते आपल्याला मोजता येतं, विचारता येतं आणि अडवताही येतं.

चिखलानंतर झाड. कुरव आणि टिलवे दिसतात म्हणून बोललं जातं, पण हिवाळी पाहुण्यांतले पुष्कळसे झाडांत लपलेले असतात. राणीच्या बागेत सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हळद्या दिसतो, निदान ऐकू तरी येतो. मध्य आशियाकडून येणाऱ्या भोरड्या जानेवारीनंतर काटेसावर, पांगारा, पळस फुलले की थव्यांनी त्यांवर तुटून पडतात. मधही पितात आणि चेहरे परागकणांनी माखून घेतात. वड, पिंपळ, उंबर यांची फळं वर्षभर आलटून पालटून पिकतात, त्यामुळे शहरातल्या तांबटापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांची सोय होते. लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या तेव्हा त्यांच्या आवारातली जुनी झाडंही पुष्कळशी गेली, आणि टॉवरच्या पोडियमवर कुंड्यांतून शोभेचे पाम आले. पामवर बसून हळद्याने खायचं काय? सोसायटीला बाग करायचीच असेल आणि जमीन असेल, तर एक उंबर लावावा. पिंपळ लावायला कुणी सांगत नाही. तो आपणहून पाइपातून उगवतो.

चिमणीची गोष्ट थोडी वेगळी, ती इथलीच. चाळीत भिंतीवरच्या तसबिरीमागे, मीटरच्या पेटीवर, दिव्याच्या वाटीत तिचं घरटं असायचं. नव्या इमारतीत ती फट नाही. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी मोहीम उभी केली आणि 2010 पासून 20 मार्च हा चिमणी दिन पाळला जाऊ लागला. तेव्हापासून लाकडी घरटी बाजारात मिळतात. घरटं टांगा, पण सावलीत, मांजराच्या उडीच्या पलीकडे. आणि तांदूळ टाकून झाला की सुटलो असं नको: चिमणी दाणे खाते, तिच्या पिल्लांना पहिले काही दिवस किडे-अळ्या लागतात. औषध न मारलेली तुळस, कढीलिंब, एखादी शेवग्याची फांदी असेल तर अळ्या येतात.

हिवाळ्यात मुंबईच्या पक्ष्यांवर एकच खरी आपत्ती कोसळते आणि ती हवामानाची नाही. ती संक्रांतीची. नायलॉनच्या आणि काचेच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 च्या जुलैत देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. जानेवारीच्या त्या दोन-तीन दिवसांत घारी, बगळे, कबुतरं, घुबडं कापली जातात. त्यानंतर महिनोन्‌महिने झाडांवर लोंबणारा मांजा आपलं काम करत राहतो. उलटा लटकलेला पक्षी दिसला तर अग्निशमन दलाला 101 वर कळवावं. शिडी त्यांच्याकडे असते. पक्षी हाती आला आणि दोरा पंखात रुतलेला असला, तर तो ओढू नये. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा आणि रुतलेला तुकडा तसाच ठेवून डॉक्टरकडे न्यावा. ओढल्याने स्नायूची शीर कापली जाते, आणि पंखाची ती शीर गेली की घार पुन्हा उडत नाही.

डॉक्टर म्हणजे, मध्य मुंबईत तरी, बैलघोडा. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयाला जुने लोक याच नावाने ओळखतात आणि टॅक्सीवाल्यालाही हेच नाव लवकर कळतं. प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध मुंबईत संस्था निघाली 1874 मध्ये. त्याच साली शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली होती आणि उन्हात कोसळणारे ट्रामचे घोडे नि मालाच्या खटाऱ्याचे बैल हे रोजचं दृश्य होतं. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून पुढच्या दशकात हे रुग्णालय उभं राहिलं. त्याहून जुनी परंपरा गिरगावच्या वेशीवर, माधवबागेजवळच्या पांजरापोळात आहे, 1834 पासूनची. बैल गेले, घोडे गेले, नाव राहिलं, आणि आज त्याच दारातून खोकी हातात घेऊन माणसं येतात. खोक्यात घार असते, कोकीळ असते, पोपट असतो.

या खोक्यांची गर्दी होते ती एप्रिल-मे महिन्यांत. मुंबईतल्या पक्ष्याचा कठीण ऋतू हा आहे. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो आणि त्या वाफेवाटे अंगातली उष्णता बाहेर काढतो. म्हणजे थंड राहण्याची किंमत त्याला पाण्यात मोजावी लागते. हवा दमट असली की वाफ नीट होत नाही, आणि पाणी तर डांबर, काच, पत्रा यांच्या या शहरात कुठेच उघडं नसतं. भर उन्हात उंच घिरट्या घालणारी घार सगळ्यात आधी पडते. थंड देशातला माणूस डिसेंबरात बर्फ फोडून पाणी देतो, तेच काम आपण मार्चअखेरीपासून करायचं. कुंडीखालची मातीची पसरट ताटली, त्यात दोन बोटं पाणी, मध्ये बसायला एक दगड, जागा सावलीची. पाणी रोज बदलायचं आणि ताटली दिवसाआड घासायची. डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, आणि महापालिकेचा कीटकनाशक विभाग दारात आला तर ‘पक्ष्यांसाठी ठेवलंय’ हे उत्तर चालत नाही.

पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत ड्रॉपरने किंवा चमच्याने पाणी ओतणं ही सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत घातक चूक. त्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि उन्हातून वाचलेला पक्षी आपल्या हातात बुडतो. टॉवेल टाकून उचलावा, घारीच्या नख्यांपासून जपून. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावा, शेजारी उथळ वाटीत पाणी, आणि फॅनखाली नाही. अर्ध्या-एक तासात सावरला तर संध्याकाळी गच्चीवर खोकं उघडावं. नाही सावरला तर बैलघोडा. जूनमध्ये मात्र जमिनीवर बसलेलं, अर्धी पिसं फुटलेलं, ओरडणारं कावळ्याचं किंवा कोकिळेचं पिल्लू दिसलं, तर त्याला खोक्यात घालू नये. ते उडायला शिकत असतं आणि त्याचे खरे किंवा मानलेले आईबाप वरच्या फांदीवरून तुमच्या डोक्यावर टोच मारायच्या तयारीत असतात. वाहनाच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवावं आणि बाजूला व्हावं.

याच दिवसांत, पावसाच्या तोंडावर, शहरभर झाडांची छाटणी चालते. धोकादायक फांदी उतरवायलाच हवी, वादळात ती माणसावर पडते. पण मे-जून म्हणजे कावळ्यांची वीण, आणि पाऊस लागता लागता बगळे, पाणकावळे, ढोकरी एकेका जुन्या पर्जन्यवृक्षावर डझनांनी घरटी बांधतात. फांदीबरोबर ती खाली येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्याची अंडी फोडणं आणि घरटं उद्ध्वस्त करणं हेही येतं. त्यासाठी बंदूक लागत नाही. सोसायटीच्या आवारातलं झाड छाटायला महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी घ्यावीच लागते. दादर पश्चिमेचं कार्यालय जी-उत्तर विभागात, परळ-लालबाग-शिवडीचं एफ-दक्षिणला, गिरगावचं डी विभागात. अर्ज एप्रिलऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरात टाकावा. तेव्हा झाडावर बहुतेक पाहुणेच असतात, घरटी तुरळक. एखाद्या उंच दुबेळक्यात घारीचं असेल तेवढं आधी बघून घ्यावं आणि ती फांदी मे महिन्यापर्यंत तशीच राहू द्यावी.